उत्तर: ब्रँड मोठ्या ग्रुपात गेला, मग जुनी गाडी घ्यायला हरकत नाही ना?

कराडकर दादा, "आता मागं मोठा ग्रुप आहे, पार्टांची काळजी मिटली" हे तुमच्या प्रश्नातलं वाक्य मीही गाडी घेताना घरी बायकोला जसंच्या तसं ऐकवलं होतं. हळदीचे पैसे नुकतेच आले होते. सहा वर्षं वापरलेली युरोपियन सेडान निम्म्याहून कमी किमतीत सांगलीत दारात उभी केली. ब्रँडचं नाव घेत नाही.

ग्रुप पैसा वाचवतो तो पुढच्या गाड्यांवर, तुमच्या-माझ्या गाडीवर नाही. २०२१ मध्ये फियाट-क्रायस्लर आणि प्यूजोचा ग्रुप एक होऊन स्टेलांटिस झाली तेव्हा १४ ब्रँड एका दावणीला आले. आल्फा रोमिओ, डीएस, लान्चिया यांना प्रीमियम म्हणून एकत्र बसवलं, इंजिनं आणि प्लॅटफॉर्म (म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा) वाटून घ्या म्हणून सांगितलं आणि स्वतःला सिद्ध करायला १० वर्षांची मुदत दिली. फोर्डनं आधी हेच केलं होतं. जॅग्वार त्यांच्याकडं असताना तिची एक्स-टाइप फोर्डच्याच साध्या मोंडिओच्या पायावर बांधली, पण जर्मन गाड्यांचं गिऱ्हाईक काही हललं नाही. शेवटी २००८ मध्ये जॅग्वार-लँड रोव्हर टाटांकडं आली, २३० कोटी डॉलरला. उलट चीनच्या गीली कंपनीनं २०१० मध्ये व्होल्वो घेतली आणि तिला स्वतःचा नवा प्लॅटफॉर्म करू दिला. २०१४ ची व्होल्वोची एक्ससी९० एसयूव्ही त्यावरच आली. माझ्या मते मालकानं असा धीर धरला तरच प्रीमियम ब्रँड जगतो.

यात विलीनीकरणाच्या आधीच्या सांगाड्यावरची गाडी पोरकी होते. माझी तीच होती. गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट गेलं. सर्व्हिस सेंटरनं नव्या पार्टासाठी निम्मे पैसे ॲडव्हान्स मागितले आणि मी दिले. तारीख लेखी घेतली नाही, पावतीवर पार्ट नंबर नाही. घोडचूक ती हीच. दोन महिन्यांत डीलरशिप बदलली. नवा म्हणतो, पैसे जुन्याकडं. जुना फोन उचलत नाही. कस्टमर केअरचं उत्तर दर वेळी एकच: "तुमची तक्रार वरिष्ठांकडे पाठवली आहे." हे वरिष्ठ बसतात कुठं देव जाणे! पाच महिने गाडी उघडी पडून होती, सीटखाली उंदरांनी संसार मांडला.

मी मेकॅनिक नाही, त्यामुळं गिअरबॉक्सचं दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. पण टोकन द्यायच्या आधी चासी नंबरवरून महागड्या पार्टांचे नंबर काढा आणि तेच पार्ट ग्रुपच्या आज विकल्या जाणाऱ्या एखाद्या मॉडेलला बसतात का बघा. बसत नसतील तर ते पैसे द्राक्षबागेत घाला. आणि हो, गाडी उभी ठेवायची वेळ आली तर बॅटरीची वायर काढून ठेवा.