आईच्या परड्यातली जास्वंद उपटू नका

प्रश्न : आमच्या मंगळवार पेठेतल्या घराच्या गच्चीवर लाल एकेरी जास्वंद आहे. आई गेली त्या वर्षी माहेरच्या परड्यातून फांदी आणून लावली, म्हणून तिला कधी कात्री लावली नाही. 6 वर्षं त्याच 12 इंची कुंडीत आहे. रोज देवाला चार-पाच फुलं निघायची. शिमग्यापासून कळ्या फुगतात आणि उमलायच्या आत पिवळ्या पडून गळतात. शेंड्यांवर कापसासारखं पांढरं दिसतं, पानं चिकट लागतात. शेजारी म्हणतात, उपटून नवं कलम लावा. गणपतीत फुलं मिळतील का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, उपटायचं नाव काढू नका. ते पांढरं म्हणजे पिठ्या ढेकूण. तो कोवळ्या शेंड्यातला आणि कळीच्या देठातला रस शोषतो, म्हणून कळ्या गळतात. पानांवरचा चिकटा त्याचाच. खोडावरून मुंग्यांची रांग चढताना दिसेल. त्या चिकट्यासाठी मुंग्या या किडीची राखण करतात आणि तिला खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकतात. मुंग्या थांबल्याशिवाय कितीही फवारलं तरी कीड परत येते. परातीत विटा ठेवून त्यावर कुंडी ठेवा, परातीत पाणी भरा, फांद्या भिंतीला टेकू देऊ नका.

आता कात्रीचं. तुमचा जीव होणार नाही हे कळतं मला. पण जास्वंदीला फूल येतं ते नव्या फुटव्यावर. न छाटलेलं झाड उंच जातं, खाली काटक्या होतात. कीड लागलेले शेंडे आजच कापा, मात्र एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. कापलेलं पिशवीत बांधून टाका, खताच्या खड्ड्यात नको. मग उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरदार फवारा मारा, विशेषतः पानांच्या मागून. लिटरभर पाण्याला 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि 1-2 मिली पातळ साबण. तेल आधी साबणात घोटा, नाहीतर ते पाण्यावर तरंगत राहतं. किडीच्या अंगावर मेण असतं, त्यामुळे साबणाशिवाय औषध ओघळून जातं. ऊन उतरल्यावर मारा, दर आठवड्याला, निदान चार वेळा. एकदा मारून थांबलं की अंड्यांतली पिल्लं पुन्हा पसरतात.

खत आत्ता घालू नका. माझ्या परड्यातल्या जास्वंदीच्या कळ्या गळाल्या तेव्हा मी मूठभर युरिया घातला होता. झाड हिरवंगार झालं, कोवळ्या पालवीवर कीड दुप्पट झाली आणि दोन महिने एक फूल दिसलं नाही. ते झाड शेवटी वाचलं ते छाटणीनंच.

गच्चीच्या उन्हात 12 इंची कुंडी दुपारपर्यंत कोरडी पडते आणि संध्याकाळी आपण भडाभडा पाणी ओततो. कळ्या गळायला तेवढंही पुरतं. सकाळी बोट घालून पाहा, वरची इंचभर माती सुकली असेल तरच पाणी द्या. 6 वर्षांत कुंडीभर मुळ्यांचं जाळं झालं असणार. पहिल्या पावसानंतर 18 इंची कुंडीत हलवा. नदीकाठची काळी माती नुसती भरू नका, ती पावसात चिकटून बसते. निम्मी तांबडी माती, उरलेल्यात कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू, वर मूठभर निंबोळी पेंड.

त्याच वेळी निरोगी, पेन्सिलीएवढ्या जाड फांदीचे 6-8 इंचांचे तुकडे डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, खाली कापून घ्या. खालची पानं काढा, दोन डोळे मातीत जातील असे सावलीत लावा. महिना-दीड महिन्यात मुळ्या धरतात. चार लावा, दोन तरी जगतील. त्यातलं एक बहिणीकडे किंवा लेकीकडे द्या, म्हणजे आईची जास्वंद एकाच कुंडीवर अवलंबून राहणार नाही.

गणपतीत फुलं मिळतील. आता छाटलेल्या फांद्यांना श्रावणापर्यंत कळ्या दिसायला हव्यात. फक्त आषाढ लागला की ती परात आठवणीनं काढा, कुंडीच्या बुडाशी पाणी साचू देऊ नका.