हंगामी रेंजर व्हायचं, तर राजीनामा कधी द्यायचा?

न्यू जर्सीतल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. वय ३४ वर्षं २ महिने, अविवाहित, अमेरिकन नागरिक. ७८,००० डॉलर पगाराची नोकरी सोडून त्यांना नॅशनल पार्क सर्व्हिसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात, हंगामी लॉ एन्फोर्समेंट रेंजर (पार्कमध्ये पोलिसाचं काम करणारा रेंजर) व्हायचंय. ४०१(के) हे निवृत्तीचं खातं सोडून शिल्लक ३१,००० डॉलर आहे. गाडीचा हप्ता ४१० डॉलर, कर्ज बाकी ६,८००. सांगलीला आईला दरमहा ३०० जातात, गाडीचा विमा आणि फोन मिळून ३४०. अकॅडमीचा, म्हणजे या कामासाठी आधी कराव्या लागणाऱ्या प्रशिक्षणाचा, राहण्याजेवणासकट खर्च त्यांनी ११,००० धरलाय. राजीनामा देऊ का, असं त्या विचारतात.

ताई, या महिन्यात देऊ नका. बेत चांगला आहे, पण ११,००० हा आकडा अपुरा आहे.

अकॅडमी साधारण चार महिन्यांची. त्या काळात तुम्ही विद्यार्थी असता, त्यामुळे पगार नाही आणि सरकारी आरोग्य विमाही नाही. नेमणुकीआधी पार्श्वभूमी तपासणी, वैद्यकीय आणि शारीरिक चाचणी होते, त्यात आणखी महिने जातात. हा सगळा काळ सात महिन्यांचा धरा. दरमहा ठरलेला खर्च १,०५० आणि जुन्या कंपनीचा विमा कोब्रा कायद्याखाली स्वतःच्या पैशांनी चालू ठेवायला अंदाजे ७००, म्हणजे सात महिन्यांचे १२,२५०. त्यात ११,००० मिळवले की २३,२५० झाले. हातात उरले ७,७५०.

आता कमाई. हंगामी नेमणूक एका सेवावर्षात १,०३९ तासांपर्यंत असते, ओव्हरटाइम वेगळा. तासाला २२ डॉलर धरले तर करापूर्वी २२,८५८. रात्रपाळीचे १० टक्के, रविवारचे २५ टक्के जास्त मिळतात, पण पार्कच्या क्वार्टरचं भाडं पगारातूनच कापलं जातं. उन्हाळा उत्तरेकडच्या ग्लेशियर पार्कला आणि हिवाळा फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सला अशी जोडी जमली तर वर्ष बरं जातं. मात्र मधले आठवडे बिनपगारी असतात, आणि दुसरा हंगाम मिळेलच असं नाही. २०२५ च्या जानेवारीत भरतीबंदी आली तेव्हा हंगामी उमेदवारांना दिलेल्या ऑफर मागे घेतल्या गेल्या. भरती नंतर पुन्हा सुरू झाली. ऑफर आली म्हणून भाड्याचं घर लगेच सोडायचं नाही, ते एवढ्यासाठी.

या हंगामी काळाला फर्स (संघीय कर्मचाऱ्यांची योजना) पेन्शन नाही, टीएसपी (सरकारी नोकरीतलं ४०१(के)सारखं खातं) नाही. पुढे पैसे भरूनही ती वर्षं पेन्शनला जोडून घेता येत नाहीत. तुम्ही खर्च करताय तो कायम पदाच्या संधीसाठी, आणि तिथे वयाची अट आहे: ३७ पूर्ण व्हायच्या आत कायम लॉ एन्फोर्समेंट पदावर नेमणूक व्हायला हवी. त्या मुदतीत अर्ज करून भागत नाही. तशी नेमणूक मिळाली तर वीस वर्षांना दरवर्षी १.७ टक्के, म्हणजे सर्वाधिक पगाराच्या सलग तीन वर्षांच्या सरासरीच्या ३४ टक्के पेन्शन बसते. ३६ व्या वर्षी रुजू झालात तर ती वीस वर्षं ५६ ला पुरी होतात आणि सक्तीची निवृत्ती ५७ ला असते. गणित बसतं, पण काठावर.

बरेच हंगामी रेंजर २४ महिन्यांच्या नियमावर भिस्त ठेवतात. एकूण हंगामी सेवा २४ महिन्यांहून जास्त झाली की खात्यांतर्गत जाहिरातींना अर्ज करता येतो. तुमच्याकडे ३४ महिने उरलेत. सात महिने तयारीत गेले की २७, त्यातून हंगामांमधले खंड वजा करा. २४ भरत नाहीत. हा मार्ग तुम्ही धरूच नका; भिस्त सर्वांसाठी खुल्या जाहिरातींवर ठेवा.

म्हणून पुढचे सहा महिने नोकरी टिकवून यूएसएजॉब्स या सरकारी नोकऱ्यांच्या वेबसाइटवर कायम पदांना अर्ज करत राहा. त्यातल्या काही जाहिराती अकॅडमी न केलेल्यांनाही घेतात आणि थेट जॉर्जियातल्या ग्लिंको इथल्या संघीय केंद्रात प्रशिक्षणाला पाठवतात. तिथे पगार सुरू असतो. तुमच्या वयाला हा रस्ता सगळ्यात स्वस्त, आणि मला सर्वात पसंत. याच सहा महिन्यांत पगारातून गाडी फेडा. पार्श्वभूमी तपासणीत पतअहवालही पाहतात; थकलेला हप्ता तिथे नडतो.

सहा महिन्यांत काही जमलं नाही आणि शिल्लक ३१,००० च्या खाली गेलेली नसेल, तर अकॅडमीला जा. शिल्लक ६,००० पर्यंत खाली आली की पुन्हा ऑफिसची नोकरी शोधायची, हे आजच ठरवून कागदावर लिहा. आईचे ३०० मोडायची वेळ येऊ देऊ नका. एका वर्षाचे ३,६०० वेगळ्या खात्यात काढून ठेवा.

हंगाम संपताना एसएफ-८ (बेरोजगारी भत्त्यासाठीची सूचना) आणि एसएफ-५० (नेमणुकीची अधिकृत नोंद) हे दोन कागद हातात घेतल्याशिवाय पार्क सोडू नका. बेरोजगारी भत्त्याचा अर्ज शेवटची ड्युटी ज्या राज्यात होती तिथे करायचा असतो. लोक घरच्या राज्यात करतात आणि पैसे अडकतात. या भत्त्यावर आयकर लागतो. हंगामी नोकरीत सरकारी आरोग्य विमा घेतला असेल तर तो नोकरी सुटल्यावर ३१ दिवस विनाहप्ता चालतो. विमा सुटल्यापासून ६० दिवसांत मार्केटप्लेसमधून (सरकारी विमा बाजारातून) नवा घेता येतो, पण ३१ दिवस संपायची वाट न पाहता लवकरात लवकर घ्या, म्हणजे मध्ये खंड पडण्याची शक्यता कमी होते.