वाचकांचे प्रश्न : माळ, वारा आणि वणवा

प्रश्न : सुप्याजवळ आमचं शेत गवताळ माळाला लागून आहे. बांधावरचं गवत कधी जाळावं? हवामानात काय बघावं?

उत्तर : मार्च ते मे जाळूच नका, कापून उचला. अंदाजात सगळे कमाल तापमान बघतात, पण माळाच्या आगीत आर्द्रता आणि वारा जास्त महत्त्वाचे. दुपारची आर्द्रता ३० टक्क्यांखाली आणि वर वारा, म्हणजे धोका मोठा. सकाळी दवाने ओली लागणारी कुसळी, म्हणजे माळावरचं कुसळांचं गवत, ऊन चढल्यावर तासा-दोन तासांत कोरडी होते, त्या ओलाव्यावर भरवसा नको. वळवाच्या ढगापुढचा सोसाट्याचा वारा सगळ्यात वाईट. तो अचानक दिशा बदलतो आणि आगीची शांत बाजूच धावत सुटते.

बांधालगत तीन-चार मीटरचा पट्टा मातीपर्यंत साफ करा. कापलेलं गवत तिथेच पडू दिलं, तर पट्टा कुचकामी. आग विझल्यावर वाळलेलं शेण आणि बुंधे आतून धुमसत राहतात, दुसऱ्या दुपारी पुन्हा पेटतात. फोडून त्यावर पाणी ओता. शेजारी मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकारांचं. माळावर धूर दिसताच वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.