सातवीतल्या मुलीला त्रिमितीय आकार घरी कसे शिकवावेत?

तुम्ही लिहिलंय की लेकीला पृष्ठफळाची सूत्रं पाठ आहेत, पण घनाची आकृती दाखवून कडा मोजायला सांगितल्या की ती नऊ म्हणते. तिचं चुकलेलं नाही. ठिपकेदार रेघा काढल्या नसतील तर आकृतीत नऊच दिसतात! मी पाचवी ते आठवीला गणित शिकवतो. एकदा एका पोराने फळ्यावरच्या घनाच्या बाजूच्या पृष्ठाला 'समांतरभुज चौकोन' म्हटलं होतं. फळ्यावर तो तसाच होता, मी काय बोलणार?

म्हणून आकृती शेवटी. आधी टूथपेस्टचं रिकामं खोकं घ्या आणि डिंकाचा जोड सोडवून सपाट पसरा. चिकटवायच्या पट्ट्या कापल्या की सहा आयत उरतात, हीच इष्टिकाचितीची घडण. मग घनाची घडण तिलाच शोधू द्या. चौकटीच्या कागदावर सहा चौकोन कडेला कड लावून जोडायचे, कापायचे, घडी घालून बघायचं. असे जोडायचे प्रकार 35 आहेत, घन मात्र त्यातल्या 11 चाच होतो. हे आकडे तिला आधी सांगू नका. दोन रांगांत तीन-तीन ही मांडणी जवळपास सगळी मुलं आधी करून बघतात. ती मिटतच नाही आणि खरा विचार तिथून सुरू होतो.

मला सगळ्यात आवडतात ते वाटाणे. सुके वाटाणे रात्रभर भिजवा, खराट्याचे हीर सारख्या लांबीचे कापा. वाटाणा म्हणजे शिरोबिंदू, काडी म्हणजे कड. घनाला 8 वाटाणे आणि 12 काड्या लागतात. काड्या तिच्या हातातूनच गेल्यामुळे नऊचा प्रश्न उरत नाही. मग विचारा: सहा पृष्ठं, प्रत्येकाला चार बाजू, म्हणजे 24 व्हायला हव्यात, निम्म्याच का लागल्या? (प्रत्येक काडी दोन पृष्ठांत वाटलेली असते. हे तिला सुचायला वेळ लागेल, लागू द्या.) पृष्ठं आणि शिरोबिंदू मिळून कडांपेक्षा दोनने जास्त, हे ऑयलरचं सूत्र पुस्तकात येईल तेव्हा ती वाटाणे मोजून पडताळेल.

आणखी एक गंमत. हा घन बोट लावलं की कलतो, पण चार वाटाण्यांची त्रिकोणी सूची ताठ उभी राहते. घन ताठ करायला प्रत्येक पृष्ठावर तिरपी काडी घालायची, तर त्याच मापाची काडी अपुरी पडते. कर्ण बाजूपेक्षा लांब असतो हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

शंकूच्या बाबतीत माझी स्वतःची फजिती सांगतो. वृत्तचितीत तीन शंकू मावतात हे दाखवायला 12 सेमी व्यासाचा, 10 सेमी उंचीचा डबा घेतला, त्याच तोंडाचा पुठ्ठ्याचा शंकू केला आणि तांदूळ ओतले. तीनदा ओतूनही डबा वर दोन सेमी रिकामा! वर्ग हसला. घरी गेल्यावर कळलं की मी 10 सेमी ही तिरकस उंची धरली होती. त्रिज्या 6, तिरकस उंची 10, म्हणजे लंब उंची 8च. तांदूळही बरोबर आठ सेमीपर्यंतच आलेले. खरं तर तिरकस उंची साधारण 11.7 सेमी हवी होती. आता दरवर्षी मी आधी तो चुकीचा शंकूच नेतो, कारण दोन उंचींतला फरक त्याच्याइतका कोणी शिकवत नाही.

गाजर तिरपं कापून लंबवर्तुळ दाखवणं वगैरे स्वयंपाक करता करता होऊन जाईल, त्यासाठी वेगळा तास नको.

आकृती काढायला शिकवाल तेव्हा रांगोळीचे ठिपके घ्या, प्रत्येक ओळ अर्ध्या अंतराने सरकवलेली. एका ठिपक्याभोवतीचे सहा ठिपके जोडून षटकोन करा आणि मधल्या ठिपक्यापासून एकाआड एक तीन कोपऱ्यांना रेघा ओढा. घन तयार. काही मुलांना तो आपल्याकडे पुढे आलेला खोका दिसतो, काहींना खोलीचा आत गेलेला कोपरा. आमच्या वर्गात यावरून दरवर्षी भांडण होतं आणि मी ते अजून एकदाही सोडवलेलं नाही.