गोव्यातली जुन्या वळणाची माणसं वर्तमानपत्रं, राजकारण, वीज आणि बाईची घरातली जागा यांबद्दल काय विचार करतात?

तुम्ही पुण्याहून विचारताय. दोनदा गोवा पाहिलात, आणि तुम्हाला प्रश्न पडला की समुद्रकिनारे आणि कॅसिनोंच्या या राज्यात परंपरा मानणारी माणसं असतात तरी का, आणि असली तर या चार गोष्टींवर त्यांचं म्हणणं काय. असतात, आणि पुष्कळ असतात. मी त्यांतलीच एक. वय ६६. फोंडा तालुक्यात आमचं लहानसं कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग, आहे आणि खाली थोडं भातशेत. घरात कोकणी बोलतो, वाचतो-लिहितो मराठी. आमच्या पिढीत फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरीकडच्या बहुतेक हिंदू घरांत असंच होतं. मी सगळ्यांच्या वतीने बोलू शकत नाही, माझं सांगते.

बाईपासून सुरुवात करते, कारण परंपरावादी म्हटलं की लोक आधी तिथेच बोट ठेवतात.

२००९ साली यजमानांनी रस्त्यालगतचा एक तुकडा विकायचं ठरवलं. भाव चांगला आला होता, थोरलीचं शिक्षण चालू होतं, पैशांची गरज खरीच होती. विक्रीखत तयार झालं. सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात आम्ही दोघं बाकावर बसलो होतो, घेणारा समोर. कागदावर विकणारे म्हणून दोन नावं होती, एक त्यांचं, एक माझं. गोव्यात नवऱ्याला एकट्याला जमीन विकता येत नाही, बायकोची सही लागते. माझी पाळी येईपर्यंत मी तो कागद शेवटपर्यंत वाचला. चतुःसीमा वाचताना ध्यानात आलं की कुळागराला पाणी आणणारा पाट याच तुकड्यातून येतो आणि त्याच्याबद्दल कागदात एक अक्षर नाही. मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, मी सही करणार नाही. यजमान काही बोलले नाहीत. येताना बसमध्ये आम्ही शेजारी बसलो, पण आठ दिवस घरात कामापुरतंच बोलणं होतं. नवव्या दिवशी ते स्वतःच पाटाच्या तोंडाकडे जाऊन आले आणि मला म्हणाले, तू वाचलंस ते बरं केलंस.

ही सही मला कोणत्या नव्या चळवळीने दिलेली नाही. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून गोव्यात आहे, आणि मुक्तीनंतरही तो ठेवला गेला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी, लग्नाआधीची धरून. मुलगा आणि मुलगी सारखेच वारस, आणि मृत्युपत्र करून त्यांचा वाटा हिरावता येत नाही: निम्मी मालमत्ता मुलांसाठी राखीवच असते. आयकर कायद्यातही गोव्याच्या जोडप्यांचं पगाराशिवायचं उत्पन्न दोघांत विभागलं जातं. दीडशे वर्षं जुना हा कायदा घराला एक मानतो. म्हणूनच तो मला प्रिय आहे. त्यातलं सगळंच चांगलं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. १८८० च्या हुकुमाने हिंदू पुरुषाला, बायकोला ठराविक वयापर्यंत मूल किंवा मुलगा झाला नाही तर, दुसरं लग्न करायची मुभा ठेवली होती. ती काढूनच टाकायला हवी. आणि कायदा कितीही चांगला असला तरी बहिणींना बोलावून, गोड बोलून त्यांच्याकडून हक्क सोडून घेणारे भाऊ मी माझ्याच गावात पाहिले आहेत. परंपरेच्या नावाखाली हे करणाऱ्याला मी परंपरावादी म्हणत नाही. तो लोभी माणूस आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, बाईने घर सांभाळावं का. मूल लहान असेतो कोणीतरी एकाने घरी असावं आणि शक्यतो ते आईने असावं, असं मला मनापासून वाटतं. माझी मुलगी बंगळूरला नोकरी करते. तिने बाळासाठी दोन वर्षं काम सोडलं, तेव्हा तिच्या मैत्रिणी म्हणाल्या, शिक्षण वाया घालवलंस. मला त्याचा राग आला आणि अजून येतो. घर चालवणं हे कमी प्रतीचं काम आहे, ही समजूत आमच्या आज्यांची नव्हती. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीच्या आठवड्यात आमच्याकडे येऊन बघा. यजमान आणि मुलगा माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छतासाठी, रानात जातात, सुपारीचे कातरे, न सोललेले आसाळे नारळ, कांगलांसारखी रानफळं घेऊन येतात आणि बांधतात. काय आणायचं, किती आणायचं, कोणाच्या घरी काय पाठवायचं, हळदीच्या पानांतल्या पातोळ्यांना पीठ किती दळायचं, हे सगळं माझ्या हुकुमावर चालतं. कामं वेगळी आहेत, मान वेगळा नाही. जिथे मान वेगळा आहे तिथे भांडायलाच हवं.

आणि एक सांगते. ताईंना, म्हणजे शशिकलाताई काकोडकरांना, मुख्यमंत्री म्हणून कोणी मानलं? १९७३ साली त्यांचे वडील, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेल्यावर त्या त्या जागी बसल्या आणि १९७७ ची निवडणूक जिंकून १९७९ पर्यंत राहिल्या. त्यांना मतं देणारे खेड्यापाड्यातले, देवळात जाणारे, सिंहावर, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या चिन्हावर, शिक्का मारणारे आमच्यासारखेच लोक होते. २०२२ च्या विधानसभेत चाळीसांत तीन बायका निवडून आल्या. ताईंच्या नंतर इतक्या वर्षांनी तीन, हे मला लागतं.

वर्तमानपत्रांचं मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण आमच्या घरात दोन यायची. १९६७ च्या जानेवारीत जनमत कौल झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की संघप्रदेश ठेवायचा. विलीनीकरणाची खूण फूल, संघप्रदेशाची दोन पानं. मी तेव्हा सात-आठ वर्षांची. बाबा फुलाचे, काका दोन पानांचे, आणि घर एकच. बाबांचा ‘गोमन्तक’, काकांचं ‘राष्ट्रमत’. सकाळी सोप्यावर, म्हणजे ओटीवर, दोघं दोन टोकांना बसत. बाबा अग्रलेख मोठ्याने वाचत, मग काका उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्याहून मोठ्याने. आजीला अक्षर येत नव्हतं. ती तांदूळ निवडत मध्ये बसायची, दोन्ही ऐकायची आणि मग म्हणायची, आता दोघं उठा, पेज निवते. तिने मत कोणाला दिलं ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. ३४,०२१ मतांनी विलीनीकरण हरलं. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी काकांनीच त्यांच्यासाठी ‘गोमन्तक’ आणून सोप्यावर ठेवला.

ती वर्तमानपत्रं निःपक्ष नव्हती. उघड बाजू घेत होती, एकमेकांवर तुटून पडत होती. पण खाली नाव होतं. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात मुद्रक कोण, प्रकाशक कोण, संपादक कोण, कुठे छापलं, ही ओळ असायची. तशी ओळ घालायचा नियम ब्रिटिश हिंदुस्थानातल्या १८६७ च्या छापखाने-पुस्तकं नोंदणी कायद्यापासूनचा. बाबा मला ती वाचायला लावायचे. म्हणायचे, ज्याने लिहिलंय त्याला कुठे जाऊन विचारायचं ते इथे लिहिलेलं असतं. आज माझ्या फोनवर दिवसाला वीस मजकूर येतात. कुठल्या देवळाबद्दल, कुठल्या चर्चबद्दल, कुठल्या औषधाबद्दल. खाली नाव नाही, गाव नाही. पाठवणारी माझीच मावसबहीण, तिला विचारलं तर म्हणते, मला आलं म्हणून पुढे पाठवलं. टीव्हीवर नावं आहेत, पण तिथे आठ माणसं एकदम बोलतात, आणि आजीसारखं मध्ये बसून दोन्ही बाजू ऐकायची सोय नाही. आमच्या जत्रांची, शिगम्याची, काल्याची बातमी मुंबई-दिल्लीकडे जाते ती काही वाईट घडलं तरच. एरवी गोवा म्हणजे दारू आणि किनारा.

मग सरकारने माध्यमांवर लगाम घालावा का? नाही. याबाबतीत मी पक्की आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात गोव्यात छापून येणारं प्रत्येक अक्षर आधी सेन्सॉरकडे जायचं. बाबांनी तो काळ पाहिला होता. ते सांगत, लग्नाची पत्रिका छापतानासुद्धा माणूस शब्द जपून वापरायचा. आमच्या विचारांचे काही लोक आज म्हणतात, आपलं सरकार आहे तर विरोधकांची तोंडं बंद करा. त्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावं. मला एवढंच हवं आहे की जो लिहील त्याने नाव घालून लिहावं, आणि चुकलं तर जिथे चूक छापली तिथेच, तेवढ्याच टायपात दुरुस्ती छापावी. आणि आपण दिवसाला एक तरी वर्तमानपत्र विकत घेऊन वाचावं. फुकटची बातमी कोणीतरी दुसरा पैसे देऊन आपल्यापर्यंत पोचवत असतो.

राजकारणाबद्दल थोडक्यात, कारण बोलायला लागले की रक्त तापतं. आम्ही सिंहाचे, मग कमळाचे. आमच्यासारख्या पुष्कळ घरांचा हाच प्रवास आहे. तरीही हे सांगते. २०२२ च्या जानेवारीत काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या क्रुसासमोर आणि बेतीच्या दर्ग्यात पक्ष सोडणार नाही अशी शपथ घेतली. सप्टेंबरमध्ये त्यांच्या अकरा आमदारांतले आठ भाजपमध्ये गेले. त्याआधी २०१९ मध्ये दहा गेले होते. दोन-तृतीयांश आमदार असले की घटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली, म्हणजे पक्षांतरबंदीच्या कायद्यात, ते पक्षाचं विलीनीकरण ठरतं आणि आमदारकी शाबूत राहते. कायद्यात बसलं असेल. पण आमच्याकडे घरात अडचण आली तर देवीला कौल लावतात. मूर्तीला फुलांच्या पाकळ्या चिकटवतात, भट गाऱ्हाणं घालतो आणि उजवीकडची पाकळी पडते की डावीकडची, याची आम्ही श्वास रोखून वाट पाहतो. जे उत्तर मिळेल ते पाळतो, न आवडलं तरी. त्याच देवीसमोर शब्द देऊन मोडणारा माझ्या पक्षात आला म्हणून मला आनंद झाला नाही, लाज वाटली. पक्ष बदलायचा असेल तर राजीनामा द्यावा आणि पुन्हा मतं मागायला दारात यावं. धर्म मानतो म्हणणाऱ्या पक्षाने तर हे सगळ्यात आधी मानायला हवं.

विजेचं. तुम्ही लिहिलंत की परंपरावादी लोक सौरऊर्जेच्या विरोधात असतात. मी नाही. पण गोव्याची वीज कुठून येते ते आधी बघा. आमचं स्वतःचं मोठं वीज केंद्र नाही. माझ्या स्वयंपाकघरातला मिक्सर छत्तीसगडमधल्या कोरब्याच्या नाहीतर तेलंगणातल्या रामगुंडमच्या कोळशावर फिरतो. राख तिकडच्या गावांत पडते. मुरगाव बंदरात उतरणाऱ्या कोळशाशी लोक याची गल्लत करतात. तो वेगळा, कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांसाठीचा. बाहेरची वीज गोव्यात आणणारी तमनार प्रकल्पाची ४०० केव्हीची लाईन मोलेच्या अभयारण्यातून न्यायचं ठरलं, तेव्हा २०२० मध्ये तरुण मुलं रस्त्यावर आली. त्यांतल्या अनेकांशी माझं बाकी काही जमलं नसतं. पण जंगलाबद्दल ती बरोबर होती. माझ्या कुळागराचं पाणी त्याच डोंगरांतून झिरपतं. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवी लाईन जुन्या २२० केव्ही लाईनच्याच वाटेने न्यायला सांगितलं. मला हे पटलं. वाट आधीच पाडलेली आहे, ती वापरा. मात्र जे म्हणतात लाईनच नको, त्यांनी चवथीच्या रात्री दिवे गेल्यावर वीज खात्याला शिव्या देऊ नयेत.

सौर पॅनेल आम्ही छपरावर बसवली. केंद्राच्या योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. मार्च-एप्रिलमध्ये बिल नावापुरतं येतं. जून-जुलैमध्ये पंधरा-पंधरा दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा पॅनेल असून नसल्यासारखी. म्हणून चोवीस तास चालणारं काहीतरी मागे लागतंच, आणि माझ्या मते ते अणुऊर्जेचं असावं. कारवारपलीकडे कैगा आहे, २२० मेगावॉटचे चार संच. त्यातला पहिला सलग ९६२ दिवस चालला, २०१८ च्या शेवटी थांबवला तेव्हा तो जागतिक विक्रम होता. लोक अणूला भितात, मीही भीत होते. पण कोळशाच्या राखेत राहणाऱ्या बाईला मी काय तोंडाने सांगू की तू धूर खा, मला भीती वाटते?

आणि जी वीज लागतच नाही ती सगळ्यात चांगली. आमच्या आजेसासऱ्यांनी बांधून घेतलेला पाट झरीवरून उतारानेच येतो, त्याला ना पंप ना बिल. तोच पाट त्या न विकलेल्या तुकड्यातून जातो. पाऊस गेल्यावर यजमान आणि मी त्याच्या कडेचं गवत काढतो, केळीच्या सोपटांनी फटी बुजवतो. जानेवारी संपेपर्यंत आम्हाला मोटर चालू करावी लागत नाही.