‘बायबलमध्ये नाही ते मानत नाही’ आणि ‘ख्रिस्तसभा शिकवते ते मानते’: दोघंही ख्रिस्तीच, मग प्रमाण कशाला मानायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एक ख्रिस्ती मित्र म्हणतो की बायबलमध्ये नसलेलं काहीही तो मानत नाही. कॅथलिक मैत्रीण म्हणते की चर्चची शिकवणही तितकीच बंधनकारक आहे. तिसऱ्याने तर ‘पवित्र आत्मा मला आतून सांगतो’ असं म्हणून तुम्हाला पुरतं गोंधळात टाकलं. तिघंही एकाच येशूला प्रभू म्हणतात, तर मग या धर्मात शेवटचा शब्द कोणाचा?

मी प्रोटेस्टंट घरात वाढले आणि लग्न होऊन कॅथलिक घरात आले, त्यामुळे हा वाद पुस्तकात वाचण्याच्या आधी मी घरात ऐकला. शब्दांपासूनच फरक सुरू होतो. माहेरी ‘मंडळी’ म्हणतात, सासरी ‘ख्रिस्तसभा’. माहेरचे पाळक, सासरचे फादर. पण इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. भांडण बायबल मानायचं की नाही, यावर नाहीच. ते देवाचं वचन आहे, हे तिघांनाही मान्य आहे. भांडण यावर आहे की एकाच वचनाचे दोघांनी दोन अर्थ लावले, तर निवाडा कुठे मागायचा.

सुरुवात बायबलच्या अनुक्रमणिकेपासून करू. नव्या करारात कोणती पुस्तकं असावीत, याची यादी नव्या करारात कुठेच नाही. इब्री लोकांस पत्र, पेत्राचं दुसरं पत्र, प्रकटीकरण यांबद्दल पहिली काही शतकं मतभेद होते. आज आपल्या हातात असलेली नेमकी 27 पुस्तकांची यादी प्रथम दिसते ती अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांनी इ.स. 367 मध्ये लिहिलेल्या पत्रात. पुढे 397 मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने तीच यादी धरली. कॅथलिक माणूस इथे बोट ठेवतो: बघा, पुस्तक कोणतं हे ठरवायलासुद्धा ख्रिस्तसभा लागली. प्रोटेस्टंट उत्तर देतो की मंडळीने ती पुस्तकं ‘ओळखली’, ‘बनवली’ नाहीत. सोनाराने सोनं कसाला लावून पारखलं म्हणून ते सोनं त्याने घडवलं असं होत नाही. उत्तर चांगलं आहे, पण पारखायला सोनार लागला, हे त्यातही कबूल आहेच.

जुन्या कराराचं तर आजही एकमत नाही. प्रोटेस्टंट बायबलमध्ये एकूण 66 पुस्तकं, कॅथलिक बायबलमध्ये 73, आणि इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये 81 मोजतात. तोबित, यहुदीथ, मक्काबी ही जास्तीची पुस्तकं प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या जर्मन मार्टिन ल्यूथरनेही आपल्या 1534 च्या जर्मन बायबलमधून फेकून दिली नव्हती. दोन करारांच्या मध्ये वेगळी छापून ‘पवित्र शास्त्राच्या बरोबरीची नाहीत, पण वाचायला चांगली’ असा शेरा त्याने मारला. 1546 मध्ये कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने मात्र ती पूर्ण अधिकाराची असल्याचं ठासून सांगितलं. हा नुसता पानांचा हिशोब नाही. मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकात मृतांसाठी प्रार्थना केल्याचा उल्लेख आहे. माझे वडील गेले तेव्हा सासूबाईंनी त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, अर्पण करायला सांगितलं. आईच्या बायबलमध्ये ते पुस्तकच नाही, आणि मृतांसाठी प्रार्थना तिच्या विश्वासात बसत नाही. तरी ती आली, शेवटच्या बाकावर बसली, प्रार्थनेच्या वेळी ओठ मिटून राहिली. घरी आल्यावर सासूबाईंना एवढंच म्हणाली, “आमच्यात हे नसतं, पण तुम्ही त्यांचं नाव घेतलंत.”

आता अर्थाकडे. चौथ्या शतकात एरियस नावाचा धर्मगुरू शिकवत होता की पुत्र पित्याच्या बरोबरीचा नाही, तो निर्माण केलेला आहे. तो हे मनानं रचून सांगत नव्हता. ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ हे योहानाच्या शुभवर्तमानातलं येशूचं वाक्य त्याच्या बाजूच्या लोकांकडे होतंच. 325 मध्ये नायसियाला जमलेल्या बिशपांना वचनाला वचनाने उत्तर देऊन भागेना. शेवटी त्यांनी ‘पित्याशी एकतत्त्व’ असा अर्थ देणारा एक ग्रीक शब्द विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीत, घातला, आणि गंमत म्हणजे तो शब्द बायबलमध्ये नाही. ‘त्रैक्य’, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा शब्दही नाही. तुमचा ‘बायबलमध्ये नाही ते मानत नाही’ म्हणणारा मित्र त्रैक्य मानत असणारच. म्हणजे त्याने नायसियाचं ऋण घेतलेलं आहे, फक्त खातेवहीत लिहिलेलं नाही.

पण म्हणून त्याची बाजू पोकळ आहे असं समजू नका. ‘केवळ शास्त्र’ ही ल्यूथरची घोषणा हवेतून आली नाही. 1519 मध्ये लाइप्झिगच्या वादसभेत योहान एक या विद्वानाने त्याला खिंडीत गाठलं: तू म्हणतोस तेच बोहेमियाचा सुधारक यान हुस म्हणत होता, आणि त्याला तर कॉन्स्टन्सच्या परिषदेने दोषी ठरवून 1415 मध्ये जाळलं, मग परिषद चुकली का? ल्यूथरला म्हणावं लागलं की हो, परिषदाही चुकू शकतात. एकदा हे तोंडातून गेल्यावर मागे वळायला जागा राहिली नाही. 1521 मध्ये वर्म्सला सम्राटासमोर त्याने सांगितलं की शास्त्राने किंवा स्पष्ट तर्काने पटवून दिल्याशिवाय मी शब्द मागे घेणार नाही, कारण पोप आणि परिषदा चुकल्या आहेत, परस्परविरोधी बोलल्या आहेत. ‘केवळ शास्त्र’ याचा मूळ अर्थ एवढाच: परंपरा, परिषदा, जुने आचार्य सगळे ऐका, पण त्यांच्यातलं कोणीही शास्त्राच्या वर बसणार नाही. ल्यूथर आणि त्याच्यानंतरचा सुधारक कॅल्विन दोघंही जुने आचार्य संत ऑगस्टीन यांचा दाखला सतत देत असत. ‘मी, माझं बायबल आणि बाकी कोणी नको’ हा प्रकार त्यांचा नव्हे, तो नंतरचा.

‘केवळ शास्त्र’ची खरी अडचण दहा वर्षांत समोर आली. ऑक्टोबर 1529 मध्ये ल्यूथर आणि झ्युरिकचा सुधारक झ्विंग्ली मार्बुर्गच्या किल्ल्यात समोरासमोर बसले. दोघंही ‘केवळ शास्त्र’वाले, दोघांनाही ग्रीक येत होतं, दोघांनीही पोपला झुगारलेलं. प्रश्न येशूने शेवटच्या भोजनात भाकरीबद्दल म्हटलेल्या एका वाक्याचा: ‘हे माझं शरीर आहे.’ ल्यूथरने खडूने ते वाक्य लॅटिनमध्ये टेबलावर लिहून ठेवलं. झ्विंग्ली म्हणत होता की इथे ‘आहे’चा अर्थ ‘दर्शवतं’ असा घ्यायचा, आणि आधारासाठी योहानाच्या सहाव्या अध्यायातलं ‘देहापासून काही लाभ होत नाही’ हे पुढे करत होता. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झालं. पंधराव्यात प्रभुभोजनातल्या ख्रिस्ताच्या उपस्थितीपाशी गाडी अडली, ती तिथेच राहिली. निवाडा देणारा तिसरा कोणी नव्हता, कारण तसा कोणी नसावा हेच दोघांचं म्हणणं होतं.

झ्युरिकमधली गोष्ट याहून कडू आहे. झ्विंग्लीच्याच काही शिष्यांनी तेच शास्त्र वाचून विचारलं की तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा यात कुठे आहे? जानेवारी 1525 मध्ये त्यांनी प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला जानेवारी 1527 मध्ये नगरपरिषदेच्या आज्ञेवरून नदीत बुडवून मारलं. पोपचं न ऐकणाऱ्या शहरात शेवटचा शब्द कोणाचा निघाला, तर नगरपरिषदेचा. ‘केवळ शास्त्र’ छातीठोकपणे सांगणाऱ्या माझ्या माहेरच्या माणसांना मी हा प्रसंग मुद्दाम सांगते.

आता सासर. पोप म्हणजे ‘बाबा वाक्यं प्रमाणम्’ अशी समजूत फार पसरलेली आहे. खुद्द कॅथलिक शिकवण तशी नाही. 1965 चा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा दस्तऐवज शास्त्र, पवित्र परंपरा आणि ख्रिस्तसभेचा शिक्षणाधिकार या तिघांना एकत्र गुंफतो, आणि तो अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, त्याचा सेवक आहे असं स्पष्ट म्हणतो. पोपच्या अस्खलनशीलतेचा, म्हणजे चूक न होण्याचा, सिद्धांत 1870 चा आहे आणि त्याला अटी आहेत: श्रद्धा किंवा नीतीचाच विषय हवा, आणि सगळ्या ख्रिस्तसभेचा गुरू या नात्याने बंधनकारक व्याख्या द्यायला हवी. 1870 नंतर हा अधिकार उघडपणे वापरला गेला तो एकदाच, 1950 मध्ये, मरियेच्या स्वर्गउन्नयनाच्या व्याख्येसाठी. त्याआधी पोप बारावे पायस यांनी 1946 मध्ये जगभरच्या बिशपांना पत्र पाठवून त्यांचं आणि लोकांचं मत विचारलं होतं. अर्थात पोप विमानात पत्रकारांशी जे बोलतात ते या यादीत येत नाही, हे कधीकधी कॅथलिकांनाही सांगावं लागतं.

परंपरेला आधार काय, असं विचारलंत तर मैत्रीण पौलाचं थेस्सलनीकाकरांस दुसरं पत्र काढेल. तोंडी असो की पत्राने, दिलेली शिकवण धरून राहा, असं तो सांगतो. मित्र मार्क सातवा अध्याय काढेल, जिथे माणसांच्या परंपरेसाठी देवाची आज्ञा टाकणाऱ्यांना येशू फटकारतो. दोन्ही वचनं खरी आहेत. त्यांचा मेळ कसा घालायचा, इथे आपण पुन्हा त्याच प्रश्नापाशी येतो.

ऑर्थोडॉक्स लोकांना आपण या चर्चेत विसरतो. त्यांच्याकडे पोप नाही, पण ‘केवळ शास्त्र’ही नाही. 325 ते 787 मधल्या सात सार्वत्रिक परिषदा, उपासनाविधी, मूर्तिचित्रं, आद्य आचार्य या सगळ्यांची मिळून एकच जिवंत परंपरा, आणि शास्त्र त्या परंपरेच्या हृदयाशी. परिषद खरी की खोटी हे तरी कोण ठरवतं? 1439 मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेत पूर्वेच्या जवळजवळ सगळ्या बिशपांनी रोमशी ऐक्याच्या करारावर सह्या केल्या. एफेससचे मार्क यांनी केली नाही. बिशप घरी परतले तेव्हा साधू आणि सामान्य लोकांनी तो करार स्वीकारलाच नाही, आणि तो कागदावरच विरला. 1848 मध्ये पूर्वेच्या कुलगुरूंनी पोपला उत्तर देताना हेच लिहिलं की श्रद्धेचं रक्षण ख्रिस्तसभेचं अवघं शरीर, म्हणजे लोक स्वतः करतात. मला ही भूमिका सुंदर वाटते, पण निर्णय लागायला कधीकधी शतक जातं.

अँग्लिकनांनी, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्यांनी, मधली वाट धरली: शास्त्र, परंपरा आणि बुद्धी. त्यांच्यातल्या रिचर्ड हूकर या धर्मपंडिताला तिचं श्रेय देतात. तारणासाठी लागणारं सगळं शास्त्रात आहे, असं त्यांचं सहावं कलम सांगतं. मेथडिस्टांनी त्यात अनुभवाची भर घातली. त्यांचा संस्थापक जॉन वेस्ली स्वतःला ‘एका पुस्तकाचा माणूस’ म्हणवत असे, तरी या चार प्रमाणांचा ‘चौकोन’ आज त्याच्याच नावावर खपतो. ते नाव विसाव्या शतकात मेथडिस्ट विद्वान अल्बर्ट आउटलर यांनी दिलं.

तुमचा तिसरा मित्र बहुधा पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या मंडळ्यांपैकी, असावा. पण आतल्या आवाजाची बाजू सगळ्यात टोकदारपणे मांडली ती सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाने. त्यांच्यातल्या रॉबर्ट बार्कलेने लिहिलं की शास्त्र हे झऱ्याची खबर देतं, ते स्वतः झरा नव्हे. झरा म्हणजे आत्मा. म्हणून शास्त्राला त्याने दुय्यम नियम म्हटलं. पेंटेकॉस्टल मंडळ्या इतक्या पुढे जात नाहीत. कोणी भविष्यवाणी केली तर ती शास्त्राशी ताडून पाहायची, असं त्या शिकवतात. प्रत्यक्षात ताडून पाहणारा बहुतेक वेळा पाळकच असतो. पोप नाकारून प्रत्येक गल्लीत एक छोटा पोप बसवला, असं माझे सासरे चिडवतात ते इथे. मला ते बोचतं, कारण अगदीच खोटं नाही.

सगळ्यांचे फरक एका जागी बघायचे असतील तर 1994 हे साल घ्या. मार्चमध्ये चर्च ऑफ इंग्लंडने पहिल्यांदा स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा दिली. तिथे हा निर्णय 1992 मध्ये धर्मसभेच्या मतदानाने झाला होता. मे महिन्यात पोप दुसरे जॉन पॉल यांनी पत्र काढलं की स्त्रियांना ही दीक्षा देण्याचा अधिकारच ख्रिस्तसभेला नाही. ‘आम्ही देणार नाही’ आणि ‘आम्हाला देताच येत नाही’ यात फार अंतर आहे. पोपच्या दृष्टीने येशूने बारा पुरुष निवडले आणि ख्रिस्तसभेने ते अखंड पाळलं, तिथे त्यांचे स्वतःचे हात बांधलेले. क्वेकरांकडे तर स्त्रिया सतराव्या शतकापासूनच प्रवचन करत होत्या, कारण आत्मा कोणाच्या तोंडून बोलेल हे ठरवणारे आपण कोण, असं त्यांचं म्हणणं.

तेव्हा ‘तू कोणाचं मानतोस?’ असं विचारू नका, त्याला पाठ केलेलं उत्तर मिळतं. मित्राला विचारा की बायबलची अनुक्रमणिका कोणी ठरवली. मैत्रिणीला विचारा की पोपला काय बदलता येत नाही. तिसऱ्याला विचारा की दुसऱ्या कोणाला पवित्र आत्म्याने नेमकं उलट सांगितलं, तर पुढे काय. फक्त तिघांना एका वेळी विचारू नका. विचारलंतच, तर संध्याकाळ मोकळी ठेवा.