संत्रा उत्पादक कंपनीच्या नव्या सभासदास

वरुड-मोर्शी भागात झाडावरचा बहार, म्हणजे त्या हंगामाची सगळी फळे, व्यापाऱ्याला उक्ता (न मोजता एकरकमी) देण्याची सवय जुनी आहे. पण शेतकरी उत्पादक कंपनीचे सभासद झाल्यावर ठरलेला माल प्रतवारीसाठी कंपनीकडेच आणावा, कारण तो न आल्यास खरेदीदाराला दिलेला शब्द मोडतो आणि पुढचा सौदा हातचा जातो. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, म्हणून फळ ओढून न तोडता कात्रीने, लहानसा देठ राखून काढावे; ओढलेल्या फळाची साल देठाजवळ फाटते आणि तिथूनच कूज सुरू होते. हिवाळ्याच्या अखेरीस फुलणारा व उन्हाळाभर पाणी मागणारा आंबिया बहार धरायचा की पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारा मृग बहार, हे विहिरीचे पाणी पाहून ठरवावे. सभेला मात्र अवश्य यावे: शेअर कितीही असोत, प्रत्येक शेतकरी सभासदाला मत एकच असते, त्यामुळे वाहतुकीचा व मेणलेपनाचा खर्च कसा वाटला जातो, हे तिथे निःसंकोच विचारावे.